साधं रक्त

डासांना जेवू घालायची वेळ झाली, की डासकाका शर्टाची बाही वर करत. आधी पहिलं दार, मग पांढरी जाळी लावलेली अरुंद बोळकांडी, मग दुसरं दार. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आतली खोली बाळंतिणीच्या खोलीसारखी उबदार आणि दमट. भिंती पांढऱ्याशुभ्र, म्हणजे पिंजऱ्यातून निसटलेला एखादा डास बसलाच तर शाईच्या ठिपक्यासारखा दिसावा. मांडणीवर जाळीचे पिंजरे ओळीने ठेवलेले आणि प्रत्येक पिंजऱ्याला पुढून एक कापडी नळकांडं शिवलेलं. त्यातून काका आपला उघडा हात आत सरकवत आणि स्टुलावर बसून डोळे मिटत.

नवीन माणसाला वाटे, काका नामस्मरण करताहेत. ते अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात काका डुलकी काढत.

आता तुम्ही म्हणाल, आपण होऊन डासांपुढे हात धरणारा हा माणूस शहाणा म्हणायचा की खुळा? पण देवाच्या या पसाऱ्यात प्रत्येक कामाला कुणीतरी नेमलेला असतो, तसे काका या कामाला नेमलेले होते. रक्त पितात त्या फक्त माद्या. नर बिचारे साखरपाण्याच्या बोळ्यावर भागवतात. मादीला अंडी धरायची तर रक्त पाहिजेच, आणि अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही, आणि पिढी नाही तर तापावर काम करणाऱ्या या संस्थेचं सगळं संशोधन आडवं. म्हणून काका हात देत. मनगटापासून कोपरापर्यंत माद्या बसत, त्यांची पोटं हळूहळू लाल मण्यांसारखी टम्म होत, आणि काका म्हणत, “माहेरवाशिणी आहेत, पोटभर खाऊन जाऊ देत.” या डासांत रोग नसे. ते इथेच ताटल्यांतल्या पाण्यात जन्मलेले, काकांनीच माशांच्या खाद्याची पूड भुरभुरवून वाढवलेले. रोगाची खोली वेगळी, आणखी दोन दारांपलीकडे, आणि तिथे फक्त संशोधन बघणाऱ्या मॅडम जात.

पण अलीकडे काकांची डुलकी उडाली होती. हात आत आणि डोळे उघडे, असे ते बसून राहत. थकले होते. अंगाने थकले होतेच, पण त्याहून मनाने.

संस्थेच्या आवारात दोन इमारती होत्या. एकीत माणसं, दुसरीत डास. माणसांच्या इमारतीत एक नवं औषध टोचत, आणि त्या औषधाचा गुण डासांच्या इमारतीत तपासत. औषध तरी कसं म्हणायचं? टोचणाऱ्या डॉक्टरांनी काकांना एकदा फोड करून सांगितलं होतं. “काका, तापाच्या विषाणूला अडवणारी एक वस्तू असते, तिला प्रतिपिंड म्हणतात. ती बाहेर तयार करून माणसाला द्यायची तर भारी पडते आणि थोड्या दिवसांत संपून जाते. म्हणजे रोज डबा पाठवण्यासारखं. आम्ही डबा पाठवत नाही, आम्ही कृती पाठवतो. प्रतिपिंड कसं करायचं हे सांगणारं जनुक दंडाच्या स्नायूत टोचतो, वरून विजेचा बारीक झटका देतो. त्या झटक्याने पेशींची दारं क्षणभर उघडतात, कृती आत जाते, आणि मग तुमचा दंडच घरच्या घरी स्वयंपाक करत बसतो.”

“किती दिवस?”

“काही महिने धरून चाला. मग हळूहळू चूल विझते.”

काकांना ते पटलं होतं. इतकं, की पहिल्या टप्प्यात, औषधाने अपाय होत नाही ना एवढंच बघण्यासाठी धडधाकट माणसं हवी होती, तेव्हा काकांनी पहिल्याच दिवशी दंड पुढे केला. झटका बसला तेव्हा दंड बेडकासारखा उडाला होता. डॉक्टरांनी विचारलं, “भीती नाही वाटली?” काका म्हणाले, “आधी बापाच्या अंगात जाऊन बघू दे. मग पोरीच्या.”

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. पोरीपाशी.

काकांची लेक एकुलती एक. लहानपणी एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून नाव पडलं भिंगरी. आता शिवणाच्या दुकानाची कामं घरी आणून मशीन चालवत होती. दोन पावसाळ्यांपूर्वी तिला तो ताप आला होता, हाडं मोडून ठेवणारा. वाचली. पण या तापाची एक वाईट खोड आहे. पहिल्यांदा येतो तेव्हा बहुतेकांना सोडून देतो. दुसऱ्यांदा, जरा वेगळं रूप घेऊन आला, तर कधीकधी आतून रक्तस्राव होतो आणि माणूस हातचा जातो. हे काकांना कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं. भिंगरीची आई दुसऱ्या तापात गेली होती. पहिला ताप तिने चालत्या पायांनी काढला, वर हसून म्हणाली होती, “एवढासा तर होता.”

दुसऱ्या टप्प्यात औषध द्यायचं होतं ते अशाच माणसांना, एकदा ताप येऊन गेलेल्यांना. यात तुलनेसाठी म्हणून कुणालाही नुसतं मीठपाणी टोचायचं नव्हतं, सगळ्यांना खरं औषध. भिंगरीची तपासणी होऊन ती पहिल्या तुकडीत लागली होती. आता तापाचे दिवस तोंडावर आले होते, आणि टप्पा अडला होता काकांच्या खोलीत.

परवानगी देणाऱ्या समितीला एकच गोष्ट बघायची होती. दोन वाट्या घ्यायच्या. एकीत, टोचून घेतलेल्या माणसांचं तेव्हा काढून गोठवून ठेवलेलं रक्त. दुसरीत साधं रक्त, न टोचलेल्याचं. दोन्हींत सारखाच विषाणू मिसळायचा, वर पातळ पापुद्रा ताणून बसवायचा, खालून ऊब द्यायची आणि उपाशी डासांना त्यावर सोडायचं. मग काही दिवस वाट बघून ते डास तपासायचे. साध्या वाटीतल्या बहुतेक डासांना लागण व्हायला हवी, आणि औषधाच्या वाटीतल्यांना नाही. तरच म्हणता येणार, की औषधाने विषाणू अडवला, आणि माणसाकडून डासाकडे, डासाकडून माणसाकडे चालणारी साखळी तुटली.

पहिल्यांदा केलं, तर दोन्ही वाट्यांतले डास कोरे, एकालाही लागण नाही. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा कोरे. आता दोन्हीकडे सारखंच निघालं, तर औषधाने केलं काय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या खेपेचा निकाल आला त्या सकाळी मॅडम दुसऱ्या दारातून आत आल्या. या मॅडम पहिला टप्पा उरकल्यानंतर बदलून आलेल्या. शांत बाई, आवाज कधी चढायचा नाही. डोळ्यांखाली मात्र काळं झालेलं.

“काका, बसा.”

काका बसलेलेच होते. हात पिंजऱ्यात होता. मॅडम बसा म्हणाल्या, म्हणजे त्यांना स्वतःला बसायचं असणार, हे ओळखून त्यांनी पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

“पुन्हा कोरे?”

“पुन्हा. साध्या वाटीतला एकही लागला नाही.”

“विषाणूच मेलेला असेल.”

“विषाणू ठणठणीत आहे. काचेतल्या पेशींवर घातला की फडशा पाडतो. म्हणजे खोट डासांत आहे. अंडी बाहेरून नवीन मागवली, तरी तेच. म्हणजे मग खोलीत काहीतरी आहे. किंवा…”

“किंवा माझ्यात,” काका म्हणाले.

“तसं नाही म्हटलं मी.”

“म्हणा की. खोलीत मीच असतो.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “हात कशाने धुता?”

“नुसत्या पाण्याने. साबण सोडून जमाना झाला.”

“घरी डासांना पळवायचं काही लावता? मलम, धूर, कॉइल?”

“घरी पोरगी आहे, मॅडम.”

“माहीत आहे मला.” त्या उठल्या. “बंद करा असं मी म्हणत नाही, काका. तुमच्या कपड्यांना लागून त्यातलं काही इथे येत असेल का, एवढंच डोक्यात आलं. आणखी एक खेप करता येईल. त्यानंतर समिती बसणार, आणि तोपर्यंत हे सुटलं नाही तर टप्पा या वर्षापुरता गुंडाळावा लागेल.”

या वर्षापुरता. मॅडम हे सहज बोलून गेल्या. संशोधनाला वर्ष म्हणजे काय, पान उलटावं तसं. पण वर्ष म्हणजे तापाचे सगळे दिवस, आणि त्यातला एकेक दिवस भिंगरीच्या खिडकीवरून जाणार.

त्या संध्याकाळी काकांनी घरातली कॉइलची खोकी उचलून माळ्यावर टाकली. मलमाची नळी जुन्या बुटात खुपसली. सकाळचा शर्ट घरात न घालता बाहेरच्या दोरीवर ठेवू लागले. हात इतके धुतले, की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. आणि देवापुढे हात जोडून उभे राहिले, तर काय मागावं तेच कळेना. एकीकडे म्हणायचं, देवा, त्या डासांना ताप लागू दे. दुसरीकडे म्हणायचं, देवा, या घरात एकही डास येऊ देऊ नकोस. एका तोंडाने दोन मागण्या. शेवटी नुसतेच उभे राहिले. तो काय ते समजून घेईल.

हे डास दिवसाचे चावरे. रात्रीचं निजताना मच्छरदाणी लावून भागत नाही. म्हणून भिंगरीने स्वतःसाठी खोलीभर पसरेल अशी एक मोठी मच्छरदाणी शिवली होती, मशीनसकट आत बसता येईल अशी. ती आत, शिवणकाम आत, पाण्याचा तांब्या आत. बाहेरून बघावं तर जाळीतली सावली बोलतेय.

“बाबा, कॉइल संपली का हो?”

“दुकानात नव्हती.”

“दुकानात नव्हती? मग परवा मी आणलेली माळ्यावर कशी चढली? पाय फुटले तिला?”

काका चुलीपाशी वळून भांड्यावर झाकण ठेवायला लागले. ते आधीच ठेवलेलं होतं.

“देवाने तुम्हाला सगळं शिकवलं, खोटं बोलायचं तेवढं राहून गेलं,” भिंगरी म्हणाली. मशीन थांबलं. जाळीतून तिचा हात बाहेर आला. मनगटाजवळ ताजा लाल फोड होता. “हे बघा. सकाळी पाणी भरायला बाहेर निघाले तेवढ्यात. आता सांगा खरं.”

काकांनी सांगितलं. तिसरी खेपही वाया गेली, मॅडमना कॉइलचा संशय, समिती बसणार. फोडाकडे बघत बघत सांगितलं.

भिंगरी चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती चिडली नाही. दमल्यासारखी हसली.

“म्हणजे मला ताप येऊ नये, म्हणून तुम्ही मला डास चावू देताय. धन्य आहे.”

“चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही तर काय करू? तुमच्या त्या माहेरवाशिणी! मला विचाराल तर त्यांच्यात खोट नाही, त्या तुमच्यावर गेल्यात. अख्खी गल्ली तापाने झोपली होती तेव्हा तुम्हाला साधी शिंक आली नाही. तुमचंच रक्त पितात ना त्या? मग त्यांना कुठून ताप येणार?”

“तसं नसतं गं. मला ताप आला नाही हे नशीब. त्याचा रक्ताशी काय संबंध? माझ्या रक्तात त्या तापाची खूणसुद्धा नाही, म्हणून तर वाटीत माझं घेतात. गावात बाकी सगळ्यांना कधी ना कधी येऊन गेलाय, त्यांच्या रक्तात आधीचं काही ना काही असतं. माझ्यात काहीच नाही. तपासून घेतलंय तेव्हा. म्हणून तर साधं…”

बोलता बोलता त्यांचा उजवा हात आपसूक डाव्या दंडावर गेला. आणि तिथेच राहिला.

“काय झालं?” भिंगरीने विचारलं.

“भिंगरे,” काका हळू म्हणाले, “मला टोचलं होतं ना?”

“टोचलं होतं की. चांगले दंड धरून मिरवत होतात घरभर. मला पाण्याचं भांडंसुद्धा उचलू…” ती थांबली. जाळीपलीकडून तिचे डोळे मोठे झालेले दिसले. “बाबा, ते वाटीतलं साधं रक्त, ते तुमचं?”

“माझं.”

“टोचल्यानंतरचं?”

“ताजं. दर खेपेला सिस्टर येऊन काढून नेते.”

शेजारी कुणीतरी बादली आपटली.

आता बघा, माणसाचं कसं असतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. काकांच्या रक्ताचं तसंच झालं होतं. ते साधं आहे हे एकदा तपासलं, तेव्हा ते साधंच होतं. मग काका पलीकडच्या इमारतीत जाऊन टोचून आले. तिथे ते काका नव्हते, एक क्रमांक होते. आणि कुठला क्रमांक कोण, हे अलीकडच्या इमारतीने विचारायचं नाही, हा नियम. कुणाचा कल निकालात मिसळू नये म्हणून चांगल्या हेतूने केलेला. मॅडम तर नंतरच्या. आणि काकांचं म्हणाल तर डॉक्टरांनी काही महिने म्हटलं होतं. ते महिने केव्हाच सरले, तपासणीची बोलावणी थांबली, चूल विझली असं त्यांनी धरून टाकलं. हाताला काय, तो रोजचाच. नळाचं पाणी तपासून कोण पितं?

त्या जेवणात काकांना घास गिळवला नाही. सापडलं याचा आनंद कमी, आणि आपल्याच दंडाने पोरीची वाट अडवली याची बोचणी जास्त. भिंगरी जाळीतून म्हणाली, “जेवा. उपाशी राहून रक्त साधं होणार आहे का?”

सकाळी मॅडम येण्याआधी काका दारात उभे. त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, नजर पायाच्या बोटांवर ठेवून. मॅडम ऐकत ऐकत स्टुलावर टेकल्या.

“तुम्ही पहिल्या टप्प्यात होतात?”

“होतो.”

“आणि मला कुणी…” त्या थांबल्या. “नाही. मला कुणी सांगायचंच नव्हतं. मीच तसा आग्रह धरला होता.” त्यांचे खांदे हलायला लागले. काकांना वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, आवाज न करता, दमलेलं माणूस हसतं तशा. “दोन्ही वाट्यांत औषधच होतं, काका. आपण औषधाची औषधाशी तुलना करत होतो. तीनदा.”

“माझ्यामुळे झालं, मॅडम.”

“दर खेपेला साधं रक्त साधं आहे ना हे बघणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. तुमच्या बाटलीचा इथे इतक्या वर्षांचा रिवाज, की माझाही हात तिकडे आपोआप गेला. समितीला मी तसंच सांगणार.” मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, “आधी खरं आहे का ते तरी बघू. बाही वर करा.”

खरं होतं. काकांचं रक्त पातळ केलं, आणखी पातळ केलं, तरी विषाणू अडत होता. ही बातमी नियमाला वळसा घालून पलीकडच्या इमारतीत पोहोचली, आणि टोचणारे डॉक्टर आवार ओलांडून धावत आले. त्यांना कुणी कधी धावताना बघितलं नव्हतं. “अजून? इतक्या काळानंतर? काका, तुमची चूल चालू आहे अजून,” असं म्हणून त्यांनी काकांचा दंड दोन्ही हातांत धरला, तान्ह्या मुलाला धरावं तसा.

काकांनी दंड सोडवून घेतला. “मग आता भिंगरीला कधी?”

डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, “समिती थांबायला तयार आहे. पण सगळं पहिल्यापासून करावं लागेल. नवीन साधं रक्त घेऊन.” आणि जरा अडखळून, “तुमचं नको आता, काका.”

बरोबरच होतं ते. तरी काकांना कुठेतरी लागलं.

कधीच ताप न आलेलं माणूस त्या गावात शोधायचं म्हणजे नाकी नऊ. शेवटी सापडले हिशेबनीस. नुकतेच कुठल्या थंड डोंगराळ भागातून बदलून आलेले, जिथे हे डास जगतच नाहीत. त्यांचं रक्त तपासलं, अगदी कोरं. पण सुई बघताच हिशेबनिसांनी हाय खाल्ली.

“मी कागदाचा माणूस आहे हो,” ते काकांना म्हणाले. “माझं रक्त कशाला डासांना? त्यांना आवडणारही नाही.”

“आवडेल,” काका म्हणाले. “थंड प्रदेशातलं आहे, ताजं राहिलं असेल. डोळे मिटा. मनात देवाचं नाव घ्या.”

“कुठल्या देवाचं?”

“ज्याला तुमचा पत्ता माहीत असेल त्याचं.”

हिशेबनीस हसले आणि तेवढ्यात सिस्टरने सुई घातली. नंतर ते खुर्चीतच कलंडले, ती गोष्ट वेगळी. शुद्धीवर आल्यावर आधी विचारलं, “पुरेल ना? की परत?” सिस्टर म्हणाली, “पुरेल.” काकांना माहीत होतं, पुरणार नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. डासांनी वाटीतलं पिऊन त्यांच्या पोटात विषाणू वाढायला दिवस लागतातच, त्यात घाई चालत नाही. इकडे मागच्या गल्लीत ताप निघाला. आधी एका घरात, मग त्याच्या समोरच्या. धुराची गाडी आली, लोकांनी दारं लावून घेतली, धूर गेल्यावर उघडली. माळ्यावरची कॉइल खाली आली होती. काका घरी आले की आधी जाळीजवळ जाऊन उभे राहत.

एके दुपारी आले, तर मशीन बंद आणि भिंगरीचं डोकं मशीनवर टेकलेलं. काकांच्या हातातली पिशवी तिथेच खाली गेली. जाळी वर करून ते आत शिरले आणि तिच्या कपाळाला हात लावला. त्यांचाच हात इतका गार पडला होता, की काही समजेना. गाल लावून बघितला. मग मान.

“ताप नाही,” भिंगरी डोळे न उघडता म्हणाली. “मघाशी दोनदा थर्मामीटर लावून बघितला. कंटाळलेय, बाबा. वाट बघून अंग मोडून आलंय.”

काका तिच्याजवळ जमिनीवर बसले. मग ती म्हणाली, “जाळी खाली सोडा. उघडी ठेवलीत.”

निकालाच्या दिवशी मॅडम दोन दारं ओलांडून आल्या, ती दारंही जरा घाईने लावत. काका ताटलीतल्या अळ्यांना पूड घालत होते.

“लागले, काका. साध्या वाटीतले जवळपास सगळे. औषधाच्या वाटीतला एकही नाही.”

काकांनी पुडीचा डबा खाली ठेवला. डोळे मिटले आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. मानल्यावर लक्षात आलं, की आपण डासांना ताप लागला म्हणून देवाला धन्यवाद देतोय. त्यालाही बापड्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं.

“तुमचंही रक्त आम्ही समितीपुढे ठेवणार आहोत,” मॅडम म्हणाल्या. “वेगळी वाटी म्हणून. औषध किती टिकतं याचा तेवढाच पुरावा आहे आमच्याकडे. वाया गेलेल्या खेपा अगदीच वाया नाही गेल्या.” त्या पिंजऱ्यांकडे बघत राहिल्या. “आता यांना जेवायला कोण घालणार, तेवढं बघावं लागेल. तुमच्या हाताला सुट्टी.”

“हिशेबनीस आहेत की.”

“ते मला बघून रस्ता बदलतात.”

त्या आठवड्यात समितीने होकार दिला आणि भिंगरीला बोलावणं आलं. काका बरोबर गेले, पण आतल्या खोलीत त्यांना जाऊ दिलं नाही. बाहेर बाकावर बसले. आतून यंत्राचा बारीक आवाज आला, आणि पाठोपाठ भिंगरीचं “आई गं”, तेही रडवेलं नव्हे, चकित झाल्यासारखं. आईला हाक मारलेली काकांनी तिच्या तोंडून बऱ्याच काळाने ऐकली. त्यांनी मान खाली घातली.

ती दंड धरून बाहेर आली. “उडाला,” म्हणाली. “खरंच बेडकासारखा.”

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. काकांनी आधी तिला जाळीत बसवलं. कडा जमिनीवर नीट दाबून, वर शिवणाची कात्री आणि तांब्या ठेवला, वाऱ्याने उचलू नये म्हणून.

“आता कशाला हे? टोचलं ना?”

“कृती नुसती पोचलीय. स्वयंपाक व्हायला वेळ लागतो. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी रक्त बघून सांगेपर्यंत आत बसायचं.”

“आणि तुम्ही?”

काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. सवयीने बाही वर केली होती, घरात कुठला पिंजरा नव्हता तरी. हाताला अनेक दिवसांत एकही चावा नव्हता. जुने ठिपके पुसट होत चालले होते, आणि तो हात त्यांना दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाटत होता. उठून चहा टाकायचा होता. शर्ट बाहेर वाळत घातलेला आणायचा होता. उठवेना. इतक्या आठवड्यांचा सगळा शीण एकदमच पायांत उतरला.

खिडकीतून एक डास आला. जाळीभोवती फिरला, जाळीवर बसला, शिरायला वाट मिळेना तसा उडाला आणि काकांच्या उघड्या हातावर येऊन टेकला. काकांना तो कळला. हाकलायला दुसरा हात उचलावा, एवढंसुद्धा त्राण नव्हतं. डोळे मिटत चालले होते.

“बाबा, हातावर,” असं म्हणत भिंगरी अर्धवट उठली, आणि थांबली. परत बसली. मशीनचं चाक तिने हाताने धरून ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून.

झोपेच्या काठावरून काकांना तिचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, त्यांच्याशी नव्हे, त्या डासाशी बोलणारा.

“पी बाई. पोटभर पी. तिथून तुला पुढे कुणाकडे घेऊन जाण्यासारखं काही नाही.”